अण्णाच्या अडॅप्टरमधले काळे तुकडे

अण्णा,

तुझा तेरावा होऊन चार दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी गेले, वहिनीच्या सोबतीला तिची बहीण राहिली आहे, आणि मी परवापासून दुकान उघडलं. सुभाष रोडवर सगळं जागच्या जागी आहे. दुकानात येणारा प्रत्येक जण आधी तुझ्या खुर्चीकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून विचारतो, "कसं झालं हो?" मी सांगते. मग तोच माणूस पासपोर्टच्या फोटोला बसतो आणि फोटोत चेहरा उगाच सुतकी येतो. तू असतास तर काहीतरी बोलून हसवलं असतंस आणि मग "आता हसू नका, पासपोर्टचा आहे" म्हणून दटावलं असतंस.

काल दुपारी मी तुझा अडॅप्टर उघडला. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा उघडला होता ते तुला मी कधी सांगितलं नाही, आणि ते सांगितल्याशिवाय आता मला दुसरं काही सुचत नाही. तशी मी फटकळ. पण स्वतःची चूक कबूल करायची वेळ आली की माझी जीभ जड होते, हे तुला माहीत आहे. तेव्हा जरा लांबून येते.

आपलं भांडण सुरूच त्या अडॅप्टरवरून झालं. दुकानात आरसा नसलेला नवा कॅमेरा, ज्याला सगळे मिररलेस म्हणतात, तो मी आणला. त्याच्याबरोबर त्याची स्वतःची लेन्स होती, आपोआप फोकस करणारी, गर्दीतून माणसाचा डोळा हुडकून धरून ठेवणारी. तू ती लावून माझेच दोन फोटो काढलेस आणि कॅमेरा खाली ठेवलास.

"ही सगळं आपलं आपणच करायलीय. मग मी कशाला पायजे इथं?"

आणि कपाटातून तू तुझी पन्नास मिलिमीटरची लेन्स काढलीस. फिल्मच्या काळातली, आपल्या अप्पांनी तुला दुकानात उभं करताना घेऊन दिलेली, हातात घेतली की मनगटाला कळणारी. तिच्या फिरत्या कड्यावर वहिनीच्या नखपॉलिशचे दोन लाल ठिपके होते. एक पाच पावलांचा, एक दहा पावलांचा. कॅमेऱ्याला डोळा लावून तू फोकस केलास असं मला आठवतच नाही. लग्नात नवरीपासून मागे मागे सरकत तू मोजायचास, ओंदु, एरडु, मूरु. पाढे तू मराठीत म्हणायचास, पावलं मात्र कन्नडात मोजायचास, शाळेच्या कवायतीत तशीच शिकलेला म्हणून. हत्तु झालं की कडं दहाच्या ठिपक्यावर, कॅमेरा छातीशी, आणि नवरीच्या मामाशी बोलता बोलता फोटो काढून मोकळा. फोटो निघाला हे कुणाला कळायचंही नाही. म्हणून तुझ्या फोटोत माणसं घरी बसल्यासारखी दिसायची. माझ्या फोटोत ती फोटोला उभी राहिल्यासारखी दिसतात, हे मी तुझ्यासमोर कधी मान्य केलं नाही. आता करते.

मला शिकवलंस तेही त्याच लेन्सवर. बेळगावच्या सासरहून मी बॅग घेऊन कायमची परत आले तेव्हा घरात प्रत्येकाला काहीतरी विचारायचं होतं. तू काहीच विचारलं नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात वहिनीला उभं केलंस, कॅमेरा माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, "मागे सरक. ओंदुपासून मोज." त्या फोटोत वहिनीचं डोकं कापलं गेलं होतं. तू म्हणालास, साडी चांगली आलीय. त्यानंतर आजपर्यंत मी पोटाला कुणाकडे हात पसरला नाही. हे तुझे उपकार मी पुष्कळदा मनात घोळवले, पण बोलायला गेले की तू विषय बदलायचास आणि मला बरंच वाटायचं.

तर अडॅप्टर. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला थेट बसत नाही. जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात आरसा असायचा, त्यामुळे लेन्स आणि फिल्म यांच्यात अंतर लागायचं. नव्याचं पोट सपाट. राहिलेलं अंतर भरून काढायला मधे धातूचं एक कडं लावायचं, तोच अडॅप्टर. आत काच नाही, तार नाही, नुसती पोकळ बांगडी. तू तो माझ्याकडूनच ऑनलाइन मागवून घेतलास, आणि मी बटण दाबता दाबता म्हणाले, "अण्णा, हा जुगाड आहे. छकड्याला स्कूटरचं हँडल."

"असू दे की. छकडा चालतो का नाही ते बघ."

पहिल्या दिवशी छकडा चाललाच नाही. पडद्यावर लिहून आलं, लेन्स लावलेली नाही. बटण दाबलं तरी कॅमेरा ढिम्म. तू तो हातात धरून दुकानभर हसत फिरलास. "एवढी पावशेर लेन्स याच्या तोंडात घातलीय, आणि हा म्हणतोय लेन्स नाही! एनप्पा इदु, काय रे हे!" लेन्स ओळखू आली नाही तरी फोटो काढ, अशी एक सोय मेनूत खोल कुठेतरी असते. ती मी शोधून चालू केली. त्यानंतर तो मुकाट्याने चालला. मात्र पहिला आठवडाभर तुझे फोटो काही जमेनात आणि मी मनातल्या मनात खूश होते. मग तू तो अडॅप्टर दोन दिवस घरी नेलास. तिसऱ्या दिवशी परत आणलास तेव्हापासून फोटो लख्ख.

"काय केलंस?" मी विचारलं.

"हात बसला," तू म्हणालास. मीही तेच धरून चालले.

पुढची दोन वर्षं आपण त्याच कॅमेऱ्यावर भांडत काम केलं. तू आलास की माझी लेन्स काढून अडॅप्टर चढवायचास, मी आले की तो उतरवायचे. मी म्हणायचे, आता गिऱ्हाइकाला नाचतानाचे फोटो पाहिजेत, धावत्या पोरांचे पाहिजेत, तुझी पावलं मोजून होईपर्यंत पोर मांडवाबाहेर जातं. तू म्हणायचास, पोर परत येतं की, जेवायला तरी येतंच. हे भांडण अर्धवट राहिलं. खरं सांगायचं तर ते संपावं असं आपल्या दोघांनाही वाटत नव्हतं.

आता मुद्द्यावर येते.

तुझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला त्या आठवड्यात दुकानात मी एकटी होते. कॅमेरा पुसत बसले होते. तुझी लेन्स अडॅप्टरवर जरा खडखडायची, ते माझ्या कानाला सहन व्हायचं नाही. म्हटलं, तू येईपर्यंत करून ठेवावं. बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन चार स्क्रू काढले. बांगडीचे दोन भाग सुटे झाले. मधे प्रत्येक स्क्रूजवळ काळं काहीतरी होतं, नखाएवढे चार तुकडे. मला वाटलं, खडखड घालवायला तू काहीतरी कोंबलं आहेस, नेहमीची तुझी कलाकुसर. धूळ उडवायच्या रबरी फुग्याने ते उडवले, फडक्याने कडं पुसलं, स्क्रू घट्ट आवळले. खडखड गेली. तुकडे केराबरोबर गेले. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

डोळा बरा झाल्यावर तुझं पहिलं काम हुबळीला, देशपांडे नगरातल्या लग्नाचं. कापडाच्या व्यापाऱ्यांची मुलगी, अप्पांच्या वेळेपासूनचं घर. अक्षतांचे सगळे फोटो तू दहा पावलांवरून काढलेस. दुकानात येऊन मोठ्या पडद्यावर लावले तर नवरीचा चेहरा मऊ. एका फोटोत नव्हे, सगळ्यांत. तू पडद्याजवळ गेलास, लांब गेलास, एक डोळा झाकलास, मग दुसरा. मग मला विचारलंस, "वसे, अडॅप्टर उघडलीस काय?"

तुझ्या वस्तूंना कुणी हात लावलेला तुला खपत नसे. शाळेत असताना मी तुझी कंपासपेटी उघडली तर तू दोन दिवस अबोला धरला होतास. चौपन्न वर्षांची बाई मी, पण त्या क्षणी तीच कंपासपेटी आठवली आणि तोंडातून निघून गेलं, "नाही रे. नुसता पुसला."

"मग माझंच चुकायलंय," तू म्हणालास.

तेवढ्यावर तू थांबलास. तू तो अडॅप्टर स्वतः उघडून बघितला नाहीस, कारण वसूने सांगितलं होतं की उघडला नाही. मी खोटं बोलले ते तुझ्या रागाच्या भीतीने. त्या चार तुकड्यांचा फोटोशी काही संबंध असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. हे मी माफी सोपी व्हावी म्हणून सांगत नाही, झालं तसं सांगते. वहिनी म्हणाली डोळा असेल. मी म्हणाले डोळाच असणार, ऑपरेशननंतर अंतराचा अंदाज जातो. डॉक्टरांनी दोनदा तपासून डोळा उत्तम आहे म्हणून सांगितलं, तर मी तुला म्हणाले, भिंतीवरची अक्षरं वाचणं वेगळं आणि फोटो काढणं वेगळं. चार दिवसांत तूही डोळा म्हणायला लागलास.

आणखी दोन कार्यक्रम तसेच गेले. मग ते व्यापारी दुकानात आले, चहा घेतला, आणि जाताना मला बाजूला घेऊन अदबीने म्हणाले, "अण्णांनी आता विश्रांती घ्यावी. तुम्ही आहातच की." ते गेल्यावर मी तुला म्हणाले, "अण्णा, बाहेरची कामं आता मी करते. तू दुकानात बस. डोळ्याला ताण नको." काळजीने म्हणाले, पण त्यात थोडी जीतही होती, ती लपवत नाही. तू कॅमेऱ्यावरून अडॅप्टरसकट लेन्स उतरवलीस, तिला पुढून-मागून टोप्या घातल्यास आणि ड्रॉवरमध्ये ठेवलीस. "आय्तु," म्हणालास, झालं म्हणून. एवढंच. तीस वर्षांत आपलं एकही भांडण तू एका शब्दात सोडलं नव्हतंस. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्यानंतरचे आठ महिने तू माझ्या लेन्सवर पासपोर्टचे फोटो काढलेस. तक्रार नाही, टोमणा नाही. दर बुधवारी आपण अल्बमच्या छपाईसाठी हुबळीला कोप्पीकर रोडला जायचो, तेव्हा जुबिली सर्कलला बसची वाट बघत उभा राहून तू लांबून येणाऱ्या बसची पाटी मोठ्याने वाचायचास. "हळियाळ." "नवलगुंद." "हुबळी, नॉनस्टॉप." बस जवळ आली की माझ्याकडे बघायचास. मी वैतागायचे. म्हणायचे, "मला पण कन्नड येतं की वाचायला." तू पुन्हा रस्त्याकडे बघायचास. पुढची बस यायची.

आता परवाचं. वहिनीला फ्रेम करायला तुझा फोटो पाहिजे होता. अख्ख्या धारवाडचे फोटो काढणाऱ्या माणसाचा एक धड फोटो सापडेना. शोधता शोधता दुकानाच्या कॉम्प्युटरवर तुझं एक फोल्डर मिळालं. नाव, 'बाद'. त्या तीन कार्यक्रमांतले सगळे वाया गेलेले फोटो तू ठेवले होतेस. मी एकेक मोठा करून बघत गेले, त्यात कुठे तू दिसतोस का म्हणून. नवरी मऊ होती, पण तिच्यामागे बसलेल्या सनईवाल्याच्या बोटातली अंगठी लख्ख. पुढच्या फोटोत नवरदेव मऊ, मागच्या खांबावरच्या झेंडूची पाकळी न् पाकळी मोजून घ्यावी. जवळून काढलेल्या फोटोत आजीबाई मऊ आणि त्यांच्या खुर्चीच्या पाठीचा वेत स्वच्छ. मी मग तू शोधायचं सोडून हेच बघत बसले. दहा पावलांवरच्या फोटोत माणसाच्या चार-पाच पावलं मागचं सगळं लख्ख होतं. पाच पावलांवरच्या फोटोत एक पाऊल मागचं. एकही फोटो पुढच्या बाजूला चुकलेला नव्हता.

डोळा अधू झालेला माणूस कधी पुढे चुकेल, कधी मागे. घड्याळच दहा मिनिटं मागे असेल तर माणूस रोज दहाच मिनिटं उशिरा पोचतो, आणि त्यात त्याच्या पायांचा काही दोष नसतो. शिवाय तू तर फोकसला डोळा वापरतच नव्हतास! पावलं मोजून ठिपक्यावर कडं फिरवणाऱ्या माणसाचे फोटो डोळ्यामुळे कसे बिघडतील? तीस वर्षं मी तुला तसं करताना बघितलं, त्यावरून चिडवलं, आणि नेमक्या वेळी मला ते सुचलं नाही. तुला सुचलं होतं. म्हणूनच तू पहिला प्रश्न अडॅप्टरचा विचारलास. मी नाही म्हणाले आणि तो रस्ता बंद केला.

काल अडॅप्टर उघडला तो यासाठी. आत अर्थातच काही नव्हतं, मीच साफ केलं होतं. मग तुझा ड्रॉवर रिकामा केला. तळाशी फिल्मच्या रोलची जुनी डबी होती. शेजारी तुझी बारीक कात्री आणि डबीत गुंडाळलेला निगेटिव्हचा वीतभर तुकडा, ज्याच्या कडेला चार वेळा कातरलेलं होतं, नखाच्या आकाराचं. ते रोलच्या सुरुवातीचं काळं टोक होतं, ज्यावर फोटो कधीच नसतो. फोटो असलेल्या निगेटिव्हला तू कात्री लावलीच नसतीस.

म्हणजे अडॅप्टर आला तोच केसभर पातळ होता. तेवढ्याने लेन्स कॅमेऱ्याच्या जास्त जवळ जायची आणि तुझे दोन्ही लाल ठिपके खोटे ठरायचे. ते दोन दिवस घरी बसून तू निगेटिव्हच्या जाडीने ती कसर भरून काढलीस. मला सांगितलं नाहीस, कारण मी टाळी वाजवून म्हणाले असते, बघ, म्हटलं नव्हतं, जुगाड आहे म्हणून! तू लपवलंस मी हसेन म्हणून. मी लपवलं तू रागावशील म्हणून. शहाणी माणसं आपण दोघं, सख्खी भावंडं शोभतो.

त्याच टोकाचे, तुझ्या कातरलेल्या जागांच्या शेजारचे, मी चार तुकडे कापले. दोन खराब झाले, परत कापले. स्क्रू लावले. दुकानाच्या पायरीवरून लांबची पाण्याची टाकी बघितली, कडं शेवटपर्यंत, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसवर फिरवून. टाकीच्या शिडीच्या पायऱ्या लख्ख दिसल्या. मी कॅमेरा मांडीवर घेऊन तिथंच पायरीवर बसून राहिले. समोरच्या दुकानदाराने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, तुझी आठवण आली. तसं ते बरोबरच होतं.

आज सकाळी दुकान उघडायच्या आधी माळमड्डीला तुमच्या घरी गेले. वहिनीला फाटकाशी उभं राहायला सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता कशाला वन्सं फोटो, या अवतारात?" मी म्हणाले, उभी राहा, काम आहे. मागे सरकत मोजलं. माझी पावलं तुझ्याहून आखूड, म्हणून हत्तुच्या पुढे आणखी दोन टाकली. कडं लाल ठिपक्यावर, कॅमेरा छातीशी. फोटो मोठा करून बघितला तर वहिनीच्या चष्म्याच्या दांडीला बांधलेला काळा दोरा, त्याची गाठ, गाठीचं सुटलेलं टोक, सगळं दिसत होतं.

मग फाटकातच उभं राहून मी तिला सगळं सांगितलं. तुकडे, कंपासपेटी, नुसता पुसला. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला बोलेल. बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. तिने माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बघत विचारलं, "म्हणजे त्यांचा डोळा चांगला होता?"

"हो."

"मग त्या पाट्या ते खरंच वाचत होते?"

"कुठल्या पाट्या?"

"बसच्या हो. बुधवारी घरी आले की चप्पल काढता काढता मला सांगायचे. आज अकरा पाट्या वाचल्या लांबनं, वसू शेजारीच होती, एक पण चूक काढली नाही तिनं." तिने पदराने चष्मा पुसला. "मी म्हणायची, मग डोळा बराच आहे की तुमचा. तर म्हणायचे, नाही गं. वसू म्हणते गेलाय म्हणजे गेलाच असणार. फोटोतलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

अण्णा, तू दर बुधवारी मला विचारत होतास आणि मला ते कळलं नाही. आठ महिने उशीर झाला, तरी उत्तर देते. अकराच्या अकरा बरोबर होत्या. प्रत्येक बुधवारी, सगळ्या. मी शेजारीच उभी होते, मी पण वाचत होते.